शामरावांचा अंबाडीचा मुरंबा

शामरावांनी गाझियाबादच्या गच्चीवर रंगाच्या रिकाम्या डब्यांत अंबाडी लावली, तेव्हा शेजारी हसले होते. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या माणसाने कसं, गुलाब लावावेत. पण शामराव पडले भंडाऱ्याकडचे. कार्तिकात झाडांना लाल आंबट बोंडं लागली, की स्वारी नातवंडांकडे बघावं तशी त्यांच्याकडे बघत बसायची.

यंदा मात्र बघण्यात मन नव्हतं. त्यांच्या पत्नी शीलाताईंचा टायफॉईड गेला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. दोन घास खाल्ले की ताट सरकवायच्या. "सगळं कागदासारखं लागतं हो," म्हणायच्या. अंबाडीचा मुरंबा त्यांचा जीव की प्राण, आणि दरवर्षी तो त्याच करायच्या. शामरावांनी ठरवलं, यंदा आपण करायचा. त्याने तरी चव येईल.

बिया काढल्या, लाल पाकळ्या गुळात शिजवल्या. राहता राहिल्या बरण्या. गावी आई बरण्या धुऊन उन्हात पालथ्या घालायची, तेवढं त्यांना पक्कं आठवत होतं. त्यांनीही घातल्या. पण आता बघा, ते भंडाऱ्याचं ऊन, आणि हे नोव्हेंबरातलं गाझियाबाद. धुरक्यात सूर्य नुसता टांगलेला. बरण्या आतून ओलसरच राहिल्या, आणि आठवड्याच्या आत मुरंब्यावर पांढरी बुरशी.

शामराव बरणी पाठीमागे धरून मोरीकडे निघाले, तर वाटेतच पकडले गेले.

"काय लपवताय?"

"काही नाही. बिल्कुल काही नाही."

"दाखवा." शीलाताईंनी बरणीत डोकावलं आणि आजारपणानंतर पहिल्यांदा हसल्या. "अहो, इतकी वर्षं मी बरण्या पाण्यात उकळत होते, तेव्हा तुम्ही काय पेपर वाचत होतात?"

"तेच करत होतो."

शेवटच्या डब्यातली बोंडं तोडून आणली. शीलाताई शाल गुंडाळून स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसल्या. पातेल्याच्या तळाशी फडकं घाला, नाहीतर काच तडकेल. पाणी खळखळू द्या. मुरंबा गरम असतानाच भरायचा, कळलं का? शामराव नव्या कारकुनासारखे निमूट ऐकत होते.

भरण्याआधी त्यांनी चमच्यावर थोडा मुरंबा घेतला, फुंकर घातली आणि पुढे केला. शीलाताईंनी जीभ लावली. एक डोळा मिटला, तोंड वेडंवाकडं केलं.

"गूळ कमी पडलाय," त्या म्हणाल्या. "आणि तो चमचा ठेवा इथेच."

शामराव गुळाचा डबा घ्यायला वळले, तर बराच वेळ त्यांना तो दिसेना. डबा समोरच होता.