पेपरातली चौकोनी खिडकी
स्टेन्सिलच्या शाईचा वास आला की मला सेलूच्या वाचनालयातलं लांब टेबल आठवतं. मी आणि माझा मित्र तेव्हा सायक्लोस्टाइल करून चार पानी मासिक काढायचो. "कुणीच वाचंना गड्या, हा शेवटचा अंक," तो एकदा म्हणाला. बंद करण्याआधी बाहेर कुठे आपला उल्लेख आलाय का ते पाहायचं ठरलं. वाचनालयातले पेपर माझ्याकडे, स्टेशनच्या स्टॉलवरचे त्याच्याकडे, अशी वाटणी केली. मला काहीच सापडलं नाही. एका साप्ताहिकातून तर कुणीतरी चौकोनी तुकडा कापून नेला होता. संध्याकाळी तो तेच साप्ताहिक विकत घेऊन आला. "आपल्यावर लिहिलंय की! तू काय झोपा काढायलता का?" मी त्याला वाचनालयात नेलं आणि कापलेलं पान त्याच्या पानावर ठेवलं. आमच्यावरचा मजकूर त्या चौकोनातून नेमका दिसला. "म्हंजे कुणीतरी जपून ठेवलंय," तो म्हणाला, "चल, पुढच्या अंकाला कागद आणू." आता माझ्या ब्लॉगचा दुवा, म्हणजे लिंक, कुणी कुठे दिलाय हे शोधायला मी इंटरनेटवरची दोन शोधसाधनं शेजारी शेजारी उघडतो. एकात सुटलेला दुवा दुसऱ्यात सापडतो. कात्रीनं कापून जपून ठेवणारा वाचक मात्र दोन्हींत दिसत नाही.