माझ्या टाक्यांची तक्रार

डॉक्टरांनी विचारले, "बाई कशा आहेत?" प्रश्न माझ्या डोक्यावरून यजमानांकडे गेला.

यजमान म्हणाले, "बरी हाये साहेब. आठ दिवस झाले, भाकरी थापून राहिली."

डॉक्टर खूश.

छाती माझी उघडली होती. बायपास, दीड महिन्यापूर्वी, याच अमरावतीच्या इस्पितळात. हाड तारेने बांधलेले. पीठ मळताना ते आतून करकरते आणि स्तनाखालचा टाका ओलसर राहतो. हे मी स्पष्ट निवेदन केले. डॉक्टर हसून यजमानांनाच म्हणाले, "बायका मनाला फार लावून घेतात."

शेजारच्या खुर्चीत वरूडचे एक संत्राव्यापारी होते. त्यांचे नि माझे ऑपरेशन एकाच दिवशीचे. त्यांना तीन महिने बादलीही उचलण्यास मनाई, व्यायाम करवून घेण्यास स्वतंत्र माणूस. पत्नी त्यांच्या चपला हातात घेऊन उभी. मला मात्र घरकाम हाच व्यायाम. हाड तेच, नियम दोन. संशय मला तिथेच आला.

अकोल्याच्या तहसील कार्यालयासमोर मी वीस वर्षे अर्ज लिहिते. शिक्षण नववी, परंतु माझा मसुदा परत आल्याचे उदाहरण नाही. टेबलापलीकडचा कागद उलटा वाचणे हे आमच्या धंद्यातले कसब. डॉक्टर लिहीत होते: नो कंप्लेंट.

मी कागदावर तळहात ठेवला. "तक्रार आहे. सांगणार मी, लिहिणार तुम्ही."

"काहून तमाशा करून राहिली?" यजमान पुटपुटले.

"छाती तुमची नाही."

डॉक्टरांनी ओळ खोडली. पट्टी सोडली. टाक्यातून पू निघाला. माफी कोणीही मागितली नाही.

परतीच्या बसमध्ये मला माझेच टेबल दिसू लागले. वारसनोंद असो की हक्कसोड, बाई समोर बसलेली असे आणि मी तिच्या भावाला, दिराला विचारत असे. 'अर्जदार बाईंची हरकत नाही.' हे वाक्य माझ्या सुवाच्य अक्षरात किती कागदांवर गेले! बाईचा केवळ अंगठा. त्याला मी पद्धत म्हणत होते.

आता भाकरी यजमान थापतात. जाड होते. मी खाते.

टेबलासमोर एकच खुर्ची ठेवली आहे. तिच्यावर बाई बसते, पुरुष रस्त्यापलीकडे थांबतो. ती स्वतः बोलेपर्यंत माझ्या पेनाचे टोपण निघत नाही. आणि माझ्या छातीविषयी यापुढे अन्य कोणाचेही निवेदन ग्राह्य धरले जाणार नाही.