‘क्वाइट नाइस’ खोल्या: धारगळ ते मये

शालनला मी हो म्हणून बसलो, तेव्हापासूनच मला धास्ती होती.

शालन ही माझी चुलत बहीण. तिच्या मयेतल्या घरामागे दोन खोल्या आहेत. कोल्हापूरकडचा एक मुकादम त्या वर्षभरासाठी घ्यायला तयार होता, पण शनिवारी दुपारपर्यंत उत्तर हवं म्हणाला होता. त्याच आठवड्यात धारगळला आमच्या शेजारी उतरलेलं जोडपं मयेच्या तळ्याकाठी चार महिन्यांसाठी जागा शोधत होतं. मार्गारेट इंग्लंडची, स्कॉट अमेरिकेचा. ते जास्त भाडं द्यायला राजी होते. “तूं इंग्लीश शिकला दादा, तूंच उलय,” असं शालनने सांगितलं. म्हणजे निर्णय तिचा आणि दुभाष्या मी.

शनिवारी सकाळी सातला निघालो. म्हापसा, अस्नोडा, डिचोली, मये. थांबत गेलात तर दोन तास धरा. पणजीहून बसने येणाऱ्यांनी डिचोलीला उतरावं आणि पुढे रिक्षा करावी.

म्हापशाला पाव-भाजी खाल्ली. स्कॉटने पोऱ्याला न बोलावता स्वतःच उठून पाणी मागितलं, सरळ, एका वाक्यात. मार्गारेटने चमचा मागताना दोनदा माफी मागितली. भाजी कशी आहे, असं मी विचारलं. “क्वाइट गुड,” म्हणत स्कॉटने तिसरा पाव घेतला. मी मनात नोंद केली: क्वाइट म्हणजे खूप.

मयेचं तळं त्या दिवशी हिरवंगार, स्थिर होतं. सकाळी लवकर गेलात तर काठावर शांतता मिळते. मला मात्र तिकडे धड बघवेना. शालनने खोल्या सारवून, नव्या चादरी घालून ठेवल्या होत्या. स्कॉट खिडकी उघडून “ऑसम” म्हणाला. मार्गारेट कोपऱ्यापर्यंत गेली, भिंतीला हात लावला आणि हसून म्हणाली, “क्वाइट नाइस. नक्की लक्षात ठेवू.”

“आवडल्यो तांका?” शालनने विचारलं.

“खूब आवडल्यो,” मी सांगितलं.

परतताना डिचोली सोडली तेव्हा मार्गारेट नवऱ्याला हळूच म्हणाली की खोल्या जरा अंधाऱ्या होत्या, नाही का? अस्नोड्याला गाडी बाजूला घेतली. पाहुण्याला असं तोंडावर विचारणं आमच्यात बरं दिसत नाही, तिच्याकडेही दिसत नसावं; तरी विचारलं, “घेणार की नाही?”

ती लाजली. “सॉरी. नाही. मला वाटलं, मी तसं सांगितलं.”

“तू तर क्वाइट नाइस म्हणालीस,” स्कॉट म्हणाला.

“हो. म्हणजे वाईट नाही, इतकंच.”

“वीस वर्षं मी तुझ्या हातचं क्वाइट नाइस म्हणून खातोय.”

“मला माहीत आहे,” ती म्हणाली. “सुरुवातीला मी रडायचे.”

दोघं हसली. मी शालनला फोन लावला. मुकादम येऊन गेला होता. तिने माझ्या शब्दावर त्याला नाही सांगितलं होतं आणि तो डिचोलीत दुसरीकडे जागा बघायला गेला होता. माझी चूक मी तिला सगळी सांगितली. मग ती म्हणाली, “बरें, दादा.”

परदेशी पाहुण्यांना खोली दाखवायला नेणार असाल, तर कोण कुठल्या देशाचा ते आधी बघा आणि हो-नाही तिथेच विचारून घ्या. थोडं उद्धट दिसलं तरी चालेल. मी हे शिकलो, पण दुसऱ्याच्या घरावर.

घरी चहा पिताना बायकोने विचारलं, सहल कशी झाली. “बरी,” म्हणालो आणि कप हातातच राहिला. ‘बरी’ म्हणजे वाईट नाही, इतकंच. मार्गारेटचा शब्द लहानपणापासून माझ्या तोंडात होता आणि शालनसमोर तोच सुचला नाही. आता तिच्या त्या ‘बरें’चा अर्थ लावत बसलोय. तिला विचारायचं धाडस अजून झालेलं नाही.