अर्ध्या कोयत्याचं घर

मैत्रिणींनो, दुपारपासून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून इथं लिहायलेय.

मी पालमला टायपिंगचं काम करते. आज ऊसतोड करणारं एक जोडपं संमतीच्या घटस्फोटाचे कागद करायला आलं होतं. सोबत नवऱ्याचा मोठा भाऊ. सगळं तोच सांगत होता. टाइप झाल्यावर बाई म्हणाली, "ताई, वाचून दाखवा."

"पत्नीचा घरावर कोणताही हक्क राहणार नाही," इथपर्यंत आले आणि तिनं शाईच्या पॅडवरचा अंगठा उचलला.

दीर खेकसला, "घर त्याच्या नावावर हाय. तुझं काय त्यात? मार अंगठा, बस जाईल."

तिनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. नवऱ्याला म्हणाली, "मुकादम आपल्या दोघांचा मिळून एक कोयता धरतो. मी तापानं पडले तवा तुमाला काय म्हणला? अर्धा कोयता. मग त्याच कमाईचं घर तुमचं एकट्याचं कसं झालं?"

दिरानं माझ्या हातातला कागद ओढला. मी सोडला नाही. का, ते मलाही माहीत नाही.

शेवटी अंगठा न देताच ती उठली. मागून ते दोघं गेले.

तुम्ही कधी बघितलाय का गं तुमच्या घराचा उतारा? मी आज पहिल्यांदा कपाटातून काढला. घराचे निम्मे हप्ते माझ्या टायपिंगवर फिटलेत.

"काय शोधायलीस?" ह्यांनी विचारलं.

म्हणलं, "माझं नाव."