रघूच्या गाडीला दाखवायची खूण

त्या दुपारी मी नेहमीसारखा चिखलीच्या चौकात उभा होतो, पंजा हलवायच्या तयारीत. पंजा हलवला की ‘अजून काही नाही’, एवढा निरोप रघूला पुरायचा. दुसऱ्या शिफ्टची बस आली, वळणावर हळू झाली, आणि स्टेअरिंगवर रघू नव्हता. कुणी तरणा माणूस होता, त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझा हात तसाच वर राहिला. रजा टाकली असेल म्हणावं, तर रघू रजा टाकणारा गडी नव्हता, आणि टाकायची असती तर आदल्या दिवशी काच खाली करून त्याने ओरडून सांगितलं असतं. घरी आलो तर चार्जिंगला लावलेल्या फोनवर अश्विनीचे, म्हणजे त्याच्या लेकीचे, फोन येऊन गेलेले. मी लावला. पलीकडे पोरगी रडत नव्हती, त्याचीच मला भीती वाटली. म्हणाली, “तात्या, पप्पा सकाळी गेले. छातीत दुखतंय म्हणाले, दवाखान्यात पोचेपर्यंत...” 

रघू माझा भाडेकरू. आमची चिखलीतली जमीन रस्त्यात आणि शेडांत गेली, तेव्हा उरल्या तुकड्यावर मी चाळ बांधली. तिथं तो लातूरकडून बायको आणि कडेवरची पोर घेऊन आला. तेव्हा टेम्पो चालवायचा, पुढं चाकणच्या कंपन्यांच्या कामगारांची बस चालवायला लागला. मला शाळा चौथीपर्यंतची, त्याची दहावी हुकलेली, त्यामुळं आमचं जमलं. तसा मी कुणाशी पटकन जमणारा माणूस नाही. माझ्या डोक्यावरची टोपी मी तलाठ्यापुढं काढली नाही, साहेबापुढं काढली नाही, आणि पोरांच्या लग्नात फोटोवाला म्हणाला तरी काढली नाही. रघू याच्यावरून मला चिडवायचा. “तात्या, आंघोळ करताना तरी काढता का ओ?” बाकी कुणी असं बोललं असतं तर मी खोली खाली करायला लावली असती.

त्याची बायको अश्विनीच्या बारावीच्या वर्षी गेली. त्यानंतर पोरगी फार गप्प झाली आणि मग एक दिवस म्हणाली, मला काउन्सेलिंग शिकायचंय. इथलं कॉलेज झालं आणि ती पुढचं शिकायला इंग्लंडला गेली. मी रघूला विचारलं होतं, लोकांचं ऐकून घ्यायचं शिक्षण घ्यायला एवढं लांब कशाला जायचं? ऐकायला काय लागतं, दोन कान. त्यावर तो म्हणाला, “तुम्हाला दोन हायेत, तुम्ही कधी कुणाचं ऐकलंत का? मग शिकावंच लागतंय की.” माझ्या सुना आत हसल्या. मी हसलो नाही.

शिक्षण संपलं आणि तिथून पुढं काळजी सुरू झाली. तिकडं शिकायला गेलेल्यांना नंतर थोडा काळ राहून काम शोधता येतं, तो काळ सरायच्या आत कुणीतरी पक्कं काम द्यायला पाहिजे. आणि हे काम असं की पहिला प्रश्न अनुभव किती, आणि दुसरा प्रश्न तुमची राहायची मुदत किती. मुदत ऐकली की पुढचा माणूस गोड बोलून फोन ठेवायचा. पोट भरायला ती म्हाताऱ्यांच्या संस्थेत अंघोळी घालायचं, औषधं द्यायचं काम करत होती. तिकडं सकाळ झाली की ती कॉम्प्युटर उघडून बघायची, कुणाचं उत्तर आलंय का. तेव्हा इथं दुपार असायची आणि रघू गाडीवर असायचा. गाडीवर फोन बंद ठेवायचा हा त्याच्या कंत्राटदाराचा नियम. रात्रीपर्यंत थांबायची त्याची तयारी नव्हती. म्हणून ती मला फोन करायची आणि मी चौकात जाऊन उभा राहायचो. पंजा हलवला की काही नाही. मूठ दाखवली की मुलाखतीला बोलावलंय. आणि काम लागलं तर? रघूने विचारलं तेव्हा मी जोरात म्हणून गेलो की काम लागलं तर तुझ्या गाडीला टोपी काढून दाखवीन. त्याने ते अख्ख्या बसला सांगितलं. पुढं कामगारच खिडकीतून माझी टोपी बघायला लागले.

मूठ मी काही वेळा दाखवली. पंजा किती वेळा दाखवला ते सांगण्यात अर्थ नाही. पंजा दिसला की रघू मान हलवायचा, जसं काही मी पुढं रस्ता बंद असल्याचं सांगितलंय आणि त्याला ते ठाऊकच होतं. पण वळण झाल्यावर गिअर टाकायचा आवाज मी ऐकायचो. चांगला ड्रायव्हर गिअर असा टाकत नाही. डॉक्टरने त्याला बीपीची गोळी लावली ती त्याच सुमाराला.

मुदत सरली आणि गेल्या वर्षी अश्विनी परत आली. आम्हाला वाटलं आता सोपं. परदेशात शिकून आलेली पोरगी, इथं कोण नाही म्हणेल? सगळेच नाही म्हणाले. एका दवाखान्यात सांगितलं की तुमचा तिकडचा कोर्स इथल्या कशाच्या बरोबरीचा ते आधी ठरवून आणा. एका शाळेने काउन्सेलरची जागा नाही, पण इंग्रजी शिकवाल का, असं विचारलं. भोसरीतल्या एका कंपनीत मी स्वतः तिच्याबरोबर गेलो. तिथला माणूस म्हणाला, “आमच्याकडे ॲप आहे, कामगारांना टेन्शन आलं तर ते ॲपवर बोलतात.” मी विचारलं, “कोण बोलतं?” तो म्हणाला, अजून तसं कुणी नाही. बाहेर आल्यावर अश्विनी मला म्हणाली, तात्या, पुन्हा माझ्याबरोबर येऊ नका. मी गेलो नाही. पण माझं काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही.

मग मी माझी चौकातली वरची खोली तिला दिली, इथंच सुरू कर म्हणालो. आणि चांगला मोठा फ्लेक्स लावला. मधे अश्विनीचा फोटो, डोक्यावर ती पदवीची काळी टोपी, मागं इंग्लंडचा झेंडा, ‘मानसिक आजार व ताणतणाव यावर खात्रीशीर सल्ला’, आणि खाली शुभेच्छुक म्हणून माझा, माझ्या दोन्ही पोरांचा, रघूचा आणि गणपती मंडळाच्या सगळ्यांचा फोटो. खोलीचा जिना चौकातून चढतो. समोर चहाची टपरी, बाजूला सलून. पोरगी रोज सकाळी येऊन दोन खुर्च्या पुसून बसायची आणि जिन्यावर कुणाचं पाऊल वाजत नव्हतं. वाजलं ते रावेतच्या एका बाईचं. तिचा मुलगा बारावीला होता, त्याला इंग्लंडला कसं पाठवायचं ते तिला विचारायचं होतं. तिच्यामागून आणखी तिघं आले, तेही व्हिसाचंच विचारायला.

अश्विनीने सांगितलं, तात्या, ज्याला झोप लागत नाही तो माणूस सगळ्या चौकाच्या देखत हा जिना कसा चढेल? फ्लेक्सवर तुम्ही लिहिलंय मानसिक आजार, आणि त्याखाली अख्खं मंडळ बघतंय. तिचं म्हणणं असेल बरोबर. पण फ्लेक्स चांगला होता. रंग अजून उडालेला नाही. तिने तो उतरवायला लावला तेव्हा मी तो फेकला नाही, गोठ्याच्या पत्र्यावर अंथरला. पावसाळ्यात गळत नाही आता.

कुरुळीची एक कंपनी मुलाखतीला बोलावते आहे असं कळलं तेव्हा मी मूठ दाखवली आणि रघूने हॉर्न वाजवला. तो आणि पोरगी तोवर कुरुळीतच राहायला गेले होते, गाडी तिथं उभी करता येते म्हणून. मुलाखतीच्या आदल्या दिवशी तिला शिफ्टचे कामगार कसे येतात-जातात ते बघायचं होतं, तेव्हा कंत्राटदाराला विचारून रघूने तिला दुपारच्या बसमधून नेलं. त्याची गाडी जुनी, इंजिन आत, ड्रायव्हरच्या डाव्या अंगाला. त्याच्या बोनटवर बायकोने शिवलेली एक गोधडी घडी घालून ठेवलेली. त्या जागेची त्या बसमध्ये एक रीत होती. गाडी भरली तरी तिथं उगाच कुणी बसत नसे. ज्याचं घरी काही बिनसलंय, ज्याला झोप नाही, असा माणूस पुढं येऊन बसायचा आणि रघूशी बोलायचा. बाकीचे बघायचे नाहीत आणि उतरल्यावर विचारायचे नाहीत. इंजिनाच्या आवाजात मागं काही ऐकू जात नाही. त्या दिवशी अश्विनी पहिल्या बाकावर होती. मोशीला एक माणूस उठून बोनटवर जाऊन बसला, चाकणपर्यंत बोलत राहिला, आणि रघू समोर रस्त्याकडे बघत अधूनमधून मान हलवत राहिला.

संध्याकाळी ती माझ्याकडे आली, ओट्यावर बसली. मग म्हणाली, “तिकडे आम्हाला शिकवलं की दोन खुर्च्या समोरासमोर ठेवू नका, जरा तिरक्या ठेवा, म्हणजे माणूस मोकळा बोलतो. पप्पांच्या गाडीत ती जागा तशीच आहे, तात्या. मी लहानपणापासून बघतेय आणि मला दिसलंच नाही.” मी हे रघूला सांगितलं, तर तो म्हणाला, “मी कुठं ऐकतो ओ? मला ट्रकवाले बघायचे असतात. अर्धं कळतंय, अर्धं नाही.” खरंच होतं ते. पण तो स्वतः कुठल्या बोनटवर बसायचा, हा विचार माझ्या मनात आला... आला आणि मी तो बोललो नाही. वळणावर घटकाभर हळू होणाऱ्या गाडीला कुणी असं काही विचारत नाही.

मुलाखतीत अश्विनीने कंपनीला सांगितलं की मला ऑफिसजवळ केबिन नको, दारावर पाटी नको. जिथं पट्टी बांधायला, डोकेदुखीची गोळी घ्यायला कामगार येतात, त्या खोलीच्या मागं मला एक खोली द्या, म्हणजे माणूस कशासाठी आलाय ते कुणाला कळणार नाही. आणि मी कारने येणार नाही, शिफ्टच्या बसने येईन. साहेब लोक म्हणाले, कळवतो. त्या ‘कळवतो’वर रघूचे शेवटचे दिवस गेले. माझा पंजा दिसला की आता तो मान हलवत नव्हता, नुसतं बघायचा. शेवटच्या दुपारी त्याने काच खाली केली. “तात्या, हे पण गेलं तर ती परत काही करायची नाही बघा. मला बोलत नाही, पण कळतंय.” मी म्हणालो, “तू गाडी चालव. टोपी माझी हाय, मी काढणार हाय.” मागं हॉर्न वाजायला लागले. तो गेला.

दहाव्याला लातूरहून आलेला तिचा मामा म्हणाला की आता हे खूळ पुरे, पुण्यात फोनवर बोलायची नोकरी मिळते, पगार वेळेवर. पोरगी हो म्हणाली. तिने कागद गोळा करून पिशवीत भरले, त्यात ती काळ्या टोपीतली पदवीची फ्रेमसुद्धा. मला रात्रभर वाटत राहिलं की ही आता खरंच गप्प होणार, आईच्या वेळी झाली होती तशी.  माझ्याकडे तीन खुणा होत्या आणि त्या सगळ्या बापासाठी होत्या.

गेल्या आठवड्यात ती वरच्या खोलीतल्या खुर्च्या न्यायला आली होती, तेव्हा फोन वाजला. ती जिन्यात उभी राहून बोलली. खाली आली तेव्हा तिचा चेहरा मला वाचता येईना. म्हणाली, “कुरुळीचे होते. सहा महिने बघू म्हणाले. मागची खोली देणार आहेत.”

“मग तू काय सांगितलंस?”

“येते म्हणाले.” मग जिन्याच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, “तात्या, कुणी आलंच नाही तर?”

 सहा महिन्यांत त्या खोलीत कुणी येईल की नाही, आणि नाही आलं तर पुढं काय, हे आजही रात्री माझ्या डोक्यात येतं आणि झोप जाते. मी तिला म्हणालो, “बस यायची वेळ झाली,” आणि उठलो. तिने विचारलं नाही की आता कशाला.

चौकात ऊन होतं. गाडी आली, वळणावर हळू झाली. मी टोपी काढली आणि हात वर केला. चौकात टपरीवाल्याने पाहिलं, सलूनवाला दारात आला, बघू दिलं. त्या तरण्या ड्रायव्हरला वाटलं म्हाताऱ्याला गाडी पाहिजे. त्याने ब्रेक मारला, दार उघडलं. “कुठं जायचंय, बाबा?” आत बोनटवर गोधडी तशीच घडी घालून होती, आणि तिच्यावर कुणी बसलेलं नव्हतं.

“जायचं न्हाई,” मी म्हणालो. “निरोप होता.”

कुणाला, ते त्याने विचारलं. मी काही बोलायच्या आत मागच्या खिडकीतून कुणीतरी माझ्या उघड्या डोक्याकडे बघत पत्र्यावर दोन थापा मारल्या, आणि गाडी सुटली. मोशीच्या बाजूला ती दिसेनाशी झाली तरी टोपी माझ्या हातातच होती.