बशीरभाई आणि कोरडी माती

"बशीरभाई गेले," असं त्यांच्या बायकोनं, भाभींनी, फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, ते लिहायची लाज वाटते. पण आज लिहिणारच. मनात आलं... सुटलो. आता विचारणारं कुणी उरलं नाही.

धाराशिवजवळच्या आमच्या छोट्या रेडिओ केंद्राचा मी प्रमुख, बशीरभाई तंत्रज्ञ. माझी जीभ तिखट. मी चिडलो की ते हसून म्हणायचे, "सर, मशीन गरम हुतंय, तुमी नका हू." स्टुडिओची सगळी वायरिंग त्यांच्या हातची. विजेची लाईन एका भिंतीनं, आवाजाची दुसऱ्या. माइकच्या वायरीवरचं जाळीचं आवरण जरा कुठं सुटलं तरी घुमणं ऐकून ते जागा सांगायचे. कधी काहीच चालू नसताना हेडफोन माझ्या कानाला लावायचे. "ऐका. कायबी ऐकू येत न्हाय न्हवं? ह्येच तर माझं काम!" मागच्या अंगणात अर्थिंगचा खड्डा होता, कोळसा-मीठ घालून तांब्याची पट्टी पुरलेला. यंत्राच्या पत्र्यात वीज उतरलीच, तर ती माणसात न शिरता जमिनीत जावी, फ्यूज उडावा, यासाठी. माती ओली राहायला हवी, म्हणून उन्हाळ्यात ते रोज सकाळी तिथं एक बादली पाणी ओतायचे.

चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात लेकीच्या बाळंतपणासाठी ते पंधरा दिवस लोहाऱ्याला गेले. जाताना म्हणाले, "सर, रोज येक बादली. इसरू नका." मी म्हटलं, "हो हो, जा निवांत." पहिल्या दिवशी ओतली. दुसऱ्या दिवशी डोकं फिरलं. टँकर चार-चार दिवस येत नाही, बाया घागरी घेऊन ताटकळतात आणि मी पाणी मातीत घालू? मोठा आलो पाण्याची कदर करणारा! ती बादली मी माझ्या खोलीतल्या कूलरमध्ये ओतली. मग रोजच ओतत राहिलो.

बशीरभाई परतले ते थेट एसटीतून उतरून, कारण सकाळी लाइव्ह कार्यक्रम होता. आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडच्या सरूबाई गावरान बियाणं जपतात, त्यांची मुलाखत मीच घेणार होतो. आमच्याकडं चपला दाराबाहेर काढायची पद्धत. फरशी नुकतीच पुसलेली. म्हातारी अनवाणी येऊन बसली. हेडफोनमध्ये बारीक घुमत होतं. काचेपलीकडं बशीरभाईंच्या कपाळाला आठी पडलेली मी पाहिली. त्यांनी हात वर केला, थांबा म्हणाले... पण प्रसारण सुरू झाल्याचा लाल दिवा लागला होता. सरूबाईंनी माइकचा लोखंडी दांडा पुढं ओढला आणि किंचाळल्या. हात सुटेना. मी समोर नुसता दगडासारखा बसलो. बशीरभाईंनी धावत जाऊन मेन स्विच पाडला तेव्हा त्या खुर्चीवरून कोसळल्या.

दवाखान्यात डॉक्टर बाहेर येईपर्यंतचा तो तास मी कसा काढला, माझं मला ठाऊक. वाचल्या. दोन बोटं भाजली. बाकावर बशीरभाईंनी हळूच विचारलं, "सर, पाणी टाकत हुता न्हवं?"

"हो तर. रोज," मी म्हणालो.

आवाजाच्या मिक्सरमधली एक वायर घासून पत्र्याला लागली होती आणि वायरीच्या जाळीतून वीज माइकच्या दांड्यापर्यंत आली होती. अर्थिंग धड असतं तर फ्यूज उडाला असता. बशीरभाईंनी खड्डा उकरला. आत माती भुगा. त्यांनी ती मुठीत घेऊन चुरली. "पंधरा बादल्या जिरून बी कोरडी... म्हंजे म्या खड्डाच चुकीच्या जागी काढला." त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला हो! चौकशीत स्वतःची चूक म्हणून लिहून दिलं आणि साठीला आलेल्या त्या माणसानं पलीकडं दुसरा खड्डा स्वतः खणला. मी सावलीत उभा राहून बघत होतो. तेव्हापासून प्रत्येक पाहुण्याआधी, टेस्टर लावून झाल्यावरही, ते अनवाणी उभे राहून माइकचा दांडा मुठीत धरायचे. "झटका बसला तर मला बसू दे," म्हणायचे. दोन वर्षं मी ते पाहिलं. रोज ठरवायचो, आज सांगू. नोकरी, नाव, लोक काय म्हणतील... नाही सांगितलं. निवृत्तीनंतर ते आजारी पडले, तेव्हा दर शुक्रवारी भेटायला जायचो आणि हवापाण्याच्या गप्पा मारून परत यायचो.

गेल्या आठवड्यात भाभींकडं गेलो. त्या म्हणाल्या, "लई मनाला लावून घेतलं हुतं त्यांनी. दर ईदला शिरखुर्मा घेऊन वाशीला जायचे, त्या बाईच्या पाया पडायला. जीव जाताना बी तेच बोलले... माझ्या हातनं गुनाह झाला म्हनून."

मग मात्र माझ्यानं राहवलं नाही. बादली, कूलर, दवाखान्यातलं खोटं, सगळं सांगून टाकलं. रडलो. वाटलं होतं, त्या शिव्या देतील, हाकलून लावतील. भाभींनी पाण्याचा तांब्या माझ्यापुढं सरकवला.

"सर," त्या म्हणाल्या, "मला सांगून काय उपेग? तुमी दर जुम्याला त्यांच्या उशाशी बसत हुता."