आईच्या खोलीतला धूप

हॅरोमधल्या आमच्या जुन्या घराची चिमणी विटांची आहे. हिवाळ्यात संध्याकाळी आम्ही खाली लाकडं पेटवतो. धूर विटांच्या फटींतून घरात झिरपू नये म्हणून चिमणीत आतून स्टीलची नळी, म्हणजे लायनर, घालायला हवी का, हे बघायला चिमण्या साफ करणारा एक म्हातारा आला होता. त्याचं नाव आठवत नाही, हुंगणं मात्र आठवतं. ब्रश बाजूला ठेवून तो प्रत्येक खोलीत भिंतीला नाक लावायचा, आंबा पिकला का बघावं तसं, डोळे मिटून.

"कॅमेरा नाही आणलात?" मी विचारलं.

"आणलाय. पण आधी घरातल्या माणसांना विचारतो. चिमणीबरोबर तीच राहतात."

वर आईच्या खोलीत, चिमणीच्या भिंतीपाशी तो बराच वेळ थांबला. "इथे धुराचा वास आहे."

मी हसून कोपऱ्यातले देव दाखवले. "आई रोज धूप लावते. हा वास हिवाळाभर असतोच."

त्याने मान डोलावली. मग पलंगावर बसलेल्या आईकडे बघून म्हणाला, "आज लावलाय का, विचारा ना त्यांना."

मी मराठीत विचारलं.

"धूप कुठला? तो दिवाळीतच संपला," आई म्हणाली. "मला वाटलं, तूच खाली लावतेस."

मी ते त्याला इंग्रजीत सांगितलं. त्याने खिडकी सताड उघडली, आईला हात देऊन उठवलं आणि तिचा पलंग त्या भिंतीपासून लांब ओढायला लागला. मी दुसरं टोक धरलं.